अक्षरजुळणीच्या कार्यालयाचा स्वतःचा फाइलसाठा

पुण्यात आमचे अक्षरजुळणीचे आणि पुस्तकांच्या मांडणीचे छोटे कार्यालय आहे. पुस्तकांची कामे वर्षभर चालतात. जूनपासून दिवाळी अंकांची कामे येऊ लागतात आणि सप्टेंबरात चार-पाच अंकांची पाने एकाच वेळी निरनिराळ्या अवस्थेत असतात. कार्यालयात विंडोजचे दोन संगणक आणि वापरलेला घेतलेला एक जुना आयमॅक आहे. मुद्रितशोधन करणाऱ्या काकू साताऱ्याहून स्वतःच्या लॅपटॉपवर काम करतात, मुखपृष्ठे करणारा चित्रकार डोंबिवलीला असतो आणि मी अर्धी प्रुफे संध्याकाळी घरी आयपॅडवर वाचते. शिवाय लेखकांनी हाताने केलेल्या दुरुस्त्यांची पाने आम्ही फोनवर फोटो काढूनच गोळा करतो. या सर्व उपकरणांवरून एकच साठा उघडता यावा आणि तो आमच्या ताब्यातील यंत्रावर असावा, असे ठरवून जी पाहणी केली आणि अखेर जे उभे केले, त्याची ही हकीकत आहे.

पैसे भरून एखाद्या मोठ्या कंपनीच्या क्लाउडवर जागा घेणे हा वाईट पर्याय नाही, आणि ज्यांचे काम केवळ वर्डच्या फाइलींचे आहे त्यांनी तोच घ्यावा असे माझे मत आहे. आमची अडचण पुनर्मुद्रणांची होती. जुन्या पुस्तकाचे ए-४ आकाराचे एक पान ६०० डीपीआयला करड्या छटांत स्कॅन केले, की न दाबलेली टिफ फाइल सुमारे ३५ एमबीची होते. तीनशे पानांचे पुस्तक म्हणजे दहा जीबीहून अधिक. गूगलचे मोफत खाते १५ जीबीचे असते आणि १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यातच मोजले जाऊ लागले, तेव्हा मोफत खात्यांवर भागवण्याचा प्रश्न तिथेच मिटला. पण खरी खटकणारी गोष्ट वेगळी होती. एका टेबलावर स्कॅन केलेले पुस्तक शेजारच्या टेबलावर पोचण्यासाठी आधी इंटरनेटवरून बाहेर जायचे आणि पुन्हा आत यायचे, आणि अप्रकाशित हस्तलिखितांसकट सारा साठा आमच्यापैकी एकाच्या खासगी ईमेल खात्याला बांधलेला असायचा. ते खाते काही कारणाने बंद झाले असते तर प्रकाशकांना तोंड दाखवायला जागा उरली नसती.

कोणतेही सॉफ्टवेअर पाहण्याआधी मी एक अट लिहून ठेवली: सर्व्हर बंद पडला, त्यावरचा कार्यक्रम नाहीसा झाला, तो तयार करणारी कंपनीही गेली, तरी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावल्यावर फाइली आपापल्या फोल्डरांत, आपल्या मूळ नावांनी दिसल्या पाहिजेत. ही अट धंद्याच्या अनुभवातून आलेली आहे. आमच्याकडे पेजमेकरमध्ये आणि युनिकोडपूर्व फाँटांत जुळवलेली बरीच पुस्तके आहेत. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ सालची. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या सीएस-६ नंतरच्या आवृत्त्या त्या फाइली उघडतच नाहीत. तरीही एखाद्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते तेव्हा आम्ही जुन्या संगणकावर ती फाइल उघडून मजकूर काढतो, कारण फाइल निदान हाताशी असते. फाइल उघडण्याचीच एवढी कटकट असताना ती ठेवलेली पेटी उघडण्याची वेगळी कटकट आम्हाला नको होती.

पहिला विचार अर्थातच तयार नॅस पेटीचा, म्हणजे नेटवर्कला जोडायच्या डिस्कांच्या पेटीचा, झाला. सिनॉलॉजी किंवा क्यूनॅपची पेटी आणावी, दोन डिस्क घालाव्यात आणि कामाला लागावे, असे ज्याला विचारावे तो सांगतो, आणि ज्यांच्याकडे लिनक्सला हात लावणारे कोणी नाही त्यांच्यासाठी तो सल्ला बरोबरच आहे. माझे पाऊल दोन कारणांनी अडले. सिनॉलॉजीच्या कूटबद्ध (पासवर्डाशिवाय वाचता न येणाऱ्या) फोल्डरमध्ये फाइलीचे नाव १४३ बाइटांपेक्षा मोठे चालत नाही. इंग्रजीत एका अक्षराला एक बाइट लागत असल्यामुळे ही मर्यादा कोणाला जाचत नाही. पण युटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, म्हणजे व्यंजन, काना, वेलांटी, हलन्त या प्रत्येकाला, तीन बाइट लागतात, म्हणजे सगळे मिळून ४७ चिन्हांत नाव बसवावे लागते. ‘मराठवाड्यातील लोकगीते प्रकरण तिसरे दुसरे मुद्रित लेखकाच्या दुरुस्त्या.डॉक्स’ या धर्तीचे नाव, शेवटचे शेपूट इंग्रजीत धरूनही, १९८ बाइटांचे होते. साध्या लिनक्स फोल्डरची मर्यादा २५५ बाइटांची असल्याने तिथे ते बसते, कूटबद्ध फोल्डरमध्ये बसत नाही. त्या पेट्यांच्या प्रणालीच्या ७.२ आवृत्तीपासून पूर्ण व्हॉल्यूम कूटबद्ध करण्याची सोय आली आणि तिला ही मर्यादा नाही, हे नंतर वाचले. पण तोवर दुसरे कारण समोर आले होते. २०२५ मध्ये त्या कंपनीने काही नव्या पेट्यांत स्वतःच्याच नावाच्या डिस्क वापरण्याचे बंधन आणले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते बरेचसे मागे घेतले. माघार घेतली हे चांगलेच झाले, पण उद्या डिस्क बिघडली तर ती कोणती घ्यायची हे पेटी ठरवणार, ही कल्पना माझ्या अटीशी जुळेना.

पेट्यांच्या वाचनातून एक गोष्ट मात्र पक्की झाली, ती म्हणजे साठा थेट इंटरनेटवर उघडा ठेवायचा नाही. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या पेट्यांतील फाइली जगभर दुरून पुसल्या गेल्या. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ नावाच्या खंडणीखोर कार्यक्रमाने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप पेट्या कुलूपबंद केल्या. दोन्ही वेळी ज्यांच्या पेट्या राउटरच्या आड होत्या आणि बाहेरून पोचण्याची वाट ज्यांनी मोकळी ठेवली नव्हती, ते बहुतांशी वाचले.

मग जुन्या संगणकावर डेबियन हे लिनक्स बसवून सॉफ्टवेअरांची परीक्षा सुरू केली. प्रत्येकाला मी तेच फोल्डर दिले, ज्यात वर्डच्या फाइली, तीनशे एमबीची एक इनडिझाइन फाइल, एका पुस्तकाचे स्कॅन आणि फोनवरचे फोटो होते. प्रत्येकावर तेच अत्याचार केले: दोन ठिकाणी एकच फाइल उघडून दोघांनी बदलली, फाइल वर जात असताना वायर काढली, एक फोल्डर पुसून ते परत मागितले, आणि शेवटी डिस्क दुसऱ्या यंत्राला लावून पाहिली. वैशिष्ट्यांच्या याद्या वाचून काही ठरत नाही, कारण सगळ्यांच्या याद्या सारख्याच असतात. फरक दिसतो तो काही बिघडल्यावर.

निरनिराळ्या उपकरणांवरील फोल्डर आपोआप एकसारखे ठेवणारे, म्हणजे ‘सिंक’ करणारे, सिंकथिंग पहिल्याच दिवशी आवडले. त्यात मध्यवर्ती सर्व्हर नाही. उपकरणे एकमेकांना ओळखपत्रासारख्या लांबलचक क्रमांकाने ओळखतात आणि आपसांत फाइली देतात. मोठ्या फाइलीत थोडा बदल झाला तर केवळ बदललेले तुकडे जातात, आणि तीनशे एमबीच्या फाइलीच्या बाबतीत हा फरक फार मोठा असतो. दोघांनी एकच फाइल बदलली तर दुसरी प्रत नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’, तारीख आणि वेळ घालून शेजारी ठेवली जाते, काहीही गडप होत नाही. माझ्या अटीतही ते पूर्ण उतरते, कारण सर्वत्र साध्या फाइलीच असतात. पण ज्या उपकरणावर फोल्डर जोडावे त्यावर ते मुळात पूर्ण उतरते. सातशे जीबींचा साठा फोनवर किंवा काकूंच्या लॅपटॉपवर कसा मावणार? आयपॅडवर त्याचे अधिकृत ॲप नाही, दुसऱ्यांनी केलेले आहे. आणि अँड्रॉइडचे अधिकृत ॲप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाले. विकासकाने गूगल प्लेवर प्रकाशित करण्यातील अडचणी हे त्याचे एक कारण सांगितले होते. ‘फोर्क’ म्हणून ओळखली जाणारी पर्यायी आवृत्ती चांगली चालते, तरीही सगळ्यांच्या फोनसाठी त्यावर विसंबावे असे वाटले नाही.

सीफाइल या स्वतःच्या सर्व्हरवर चालवायच्या सॉफ्टवेअरचा वेग पाहून मी चकित झाले. सर्व्हरचा गाभा सी भाषेत लिहिलेला, म्हणून जुन्या यंत्रावरही तो पळतो, आणि हजारो स्कॅनचे फोल्डर इतक्या निमूटपणे दुसऱ्या कोणी हाताळले नाही. पण तो फाइली तुकड्यांत चिरून ठेवतो, आणि डिस्कवर पाहिले तर आकडे-अक्षरांची नावे असलेली असंख्य फोल्डरे दिसतात. त्यात तुमचे पुस्तक कुठे आहे ते सीफाइललाच विचारावे लागते. डेटाबेस गेला तरी फाइली बाहेर काढण्याची आज्ञा त्याच्यासोबत येते, ती मी चालवून पाहिली आणि ती काम करते. तरीही अट ही अट. एखाद्या महाविद्यालयाने किंवा मोठ्या कार्यालयाने, जिथे यंत्रणा सांभाळायला माणूस आहे, सीफाइलचा विचार अवश्य करावा. ओनक्लाउड या तशाच सॉफ्टवेअरची ‘इन्फिनिट स्केल’ ही नवी रचना याच कारणाने लवकर बाजूला पडली. तिथेही डिस्कवरील मांडणी माणसाला वाचता येण्यासारखी नेहमी नसते, आणि २०२३ मध्ये कंपनीची मालकी बदलल्यानंतर पुढची दिशा पाहत बसण्याइतका वेळ आमच्याकडे नव्हता.

उरले नेक्स्टक्लाउड, तेही स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचे. ओनक्लाउड सुरू करणारे फ्रँक कार्लिचेक यांनीच २०१६ मध्ये बाहेर पडून ते वेगळे काढले. त्याच्या फाइली डिस्कवर जशाच्या तशा असतात: वापरकर्त्याच्या नावाचे फोल्डर, त्यात ‘फाइल्स’ आणि त्यात आपली सगळी रचना. ब्राउझर, विंडोज, मॅक, अँड्रॉइड, आयपॅड, सगळीकडे त्याची अधिकृत दारे आहेत. पुसलेल्या फाइली ठरावीक काळ टोपलीत राहतात आणि आधीच्या आवृत्त्या विरळ होत जात साठवल्या जातात. दोषही लिहिले पाहिजेत. पीएचपी या भाषेत लिहिलेले असल्याने ते जड आहे. वारंवार लागणारी माहिती मेमरीत धरून ठेवणाऱ्या रेडिसची जोड दिल्याशिवाय आमच्या यंत्रावर फोल्डर उघडायला वेळ लागत होता. आणि मोठी फाइल थोडी जरी बदलली तरी ती संपूर्ण पुन्हा वर पाठवली जाते. इनडिझाइनमध्ये काम करताना माणूस सवयीने वरचेवर सेव्ह करतो. प्रत्येक सेव्हमागे तीनशे एमबी जाऊ लागले, तर साधे ब्रॉडबँड रडकुंडीला येते.

इथे एक गोष्ट लक्षात आली आणि तिच्यामुळे सगळ्या निवडीचे स्वरूप बदलले. सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ‘ही फाइल दुसऱ्याने उघडली आहे’ हे कळण्याची सोय मुळातच तोकडी असते, कारण प्रत्येकजण आपापल्या प्रतीवर काम करत असतो. वर्ड फाइल उघडताना शेजारी ‘~$’ ने सुरू होणारी लपलेली खूणफाइल ठेवते. नेक्स्टक्लाउडचा संगणकावरील कार्यक्रम ती वगळण्याच्या यादीत धरतो, म्हणून ती दुसऱ्याकडे खूण म्हणून पोचत नाही. इनडिझाइनही अशीच कुलूपफाइल ठेवते. कार्यालयातील नेटवर्कवर सामायिक केलेल्या ड्राइव्हवर मात्र फाइल एकच असते, तिथे ही कुलपे नीट चालतात, आणि दुसरा माणूस ती उघडू गेला की त्याला लगेच कळते. तेव्हा सर्वांसाठी एकच मार्ग शोधण्याचा हट्ट मी सोडला. कार्यालयातील तिन्ही संगणक सांबा या नेटवर्कवर फोल्डर सामायिक करणाऱ्या कार्यक्रमाच्या साहाय्याने थेट सर्व्हरच्या फोल्डरवर काम करतात, त्यांच्यावर कोणताही सिंक कार्यक्रम नाही. तेच फोल्डर नेक्स्टक्लाउडला ‘बाह्य साठा’ म्हणून जोडलेले आहे आणि बाहेरची उपकरणे त्या दाराने आत येतात. डिस्कवर फाइल एकच.

या जोडणीत एक मेख आहे. सांबावरून फाइल बदलली तर नेक्स्टक्लाउडच्या डेटाबेसला ते आपोआप कळत नाही. ब्राउझरमध्ये ते फोल्डर उघडले की नवी फाइल दिसते, पण काकूंच्या लॅपटॉपवरील कार्यक्रम सर्व्हरला केवळ ‘काही बदलले का’ एवढेच विचारत असतो आणि सर्व्हर ‘नाही’ म्हणतो. त्यामुळे ‘चालू कामे’ या फोल्डरची पाहणी करून नोंदी ताज्या करण्याची आज्ञा दर पंधरा मिनिटांनी चालते, आणि जुन्या कामांच्या संपूर्ण साठ्याची रात्री. काकूंना मी सांगून ठेवले आहे, की प्रूफ टाकले असा फोन आला तर चहा घेऊन मग लॅपटॉप उघडावा.

नावांचा घोळ वेगळाच निघाला. परीक्षेच्या फोल्डरमध्ये एके दिवशी ‘दुसऱ्या मुद्रितातील दुरुस्त्या’ या नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसल्या. नाव अक्षर न् अक्षर सारखे, शेपूटही तेच. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली असूच शकत नाहीत, म्हणून नावांचे बाइट उलगडून पाहिले. एका नावात ‘ऱ’ हे एकसंध चिन्ह होते आणि दुसऱ्यात ‘र’ आणि त्यापुढे नुक्ता (अक्षराखालचे टिंब) अशी दोन चिन्हे होती. युनिकोडच्या दृष्टीने हे दोन्ही लेखन समतुल्य आहे, पण लिनक्सला बाइट वेगळे म्हणजे नाव वेगळे. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइल-पद्धत नावे साठवताना अशी जोडचिन्हे सुटी करते, आणि आमच्या आयमॅकची डिस्क त्याच पद्धतीची आहे. मराठीत ‘दुसऱ्या’, ‘कोऱ्या’, ‘साऱ्या’ हे शब्द टाळून नावे देणे शक्य नाही.  सिंकथिंग अशी नावे मुळातच एकसारखी करून घेते, ही त्याची आणखी एक चांगली बाजू. नेक्स्टक्लाउडच्या बाह्य साठ्याच्या पर्यायांत मॅकच्या सुट्या चिन्हांशी जुळवून घेण्याची खूण आहे, पण तिच्यापुढेच ‘मंद’ असे लिहिलेले आहे आणि ते खरे आहे. आम्ही त्याऐवजी कन्व्हएमव्ही या छोट्या साधनाने सर्व जुनी नावे एकदाच एकसंध रूपात आणली, आणि आयमॅकवरून पेन ड्राइव्हने फाइली हलवणे बंद केले.

बाहेरून आत येण्याची वाट हा शेवटचा मोठा प्रश्न होता. आमच्या राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातील होता. याचा अर्थ असा, की सेवा देणारी कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देते, आणि बाहेरून कोणी आमच्या दारापर्यंत येऊच शकत नाही. आयपीव्ही-४ चे पत्ते अपुरे पडू लागल्यावर २०१२ मध्ये हा पट्टा याच कामासाठी राखून ठेवला गेला. स्वतंत्र कायमचा पत्ता दरमहा जादा पैसे देऊन मिळतो, पण दार उघडे न ठेवण्याचे तर आधीच ठरले होते. म्हणून उपकरणांना आपसांत खासगी जाळ्याने जोडणारे टेलस्केल घेतले. ते वायरगार्ड या कूटबद्ध जोडणीच्या तंत्रावर चालते, जे मार्च २०२० मध्ये ५.६ या आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्यातच आले. दोन्ही बाजू राउटरच्या आड असल्या तरी त्यांची गाठ घालून देण्याचे काम कंपनीचा सर्व्हर करतो, आणि मधला मजकूर दोन उपकरणांनाच उलगडतो. गाठ घालणारा तिसरा असतो, ही त्यातील तडजोड मला मान्य आहे. ज्यांना ती नको त्यांनी गाठ घालण्याचे तेच काम करणारे हेडस्केल स्वतः चालवावे, मात्र त्यासाठी सार्वजनिक पत्ता असलेले यंत्र कुठेतरी लागतेच. सर्व्हरला मिळणारे नाव घरून, साताऱ्याहून आणि कार्यालयातूनही एकच राहते, हा मोठा लाभ. नेक्स्टक्लाउड ज्या नावावर विश्वास ठेवायला सांगितले आहे त्याखेरीज दुसऱ्या नावाने आत घेत नाही, त्यामुळे आत एक नाव आणि बाहेर दुसरे असा प्रकार डोकेदुखी ठरतो. या नावासाठी लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचे सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र घेतले, की ते नाव सार्वजनिक नोंदवहीत कोणालाही दिसते, एवढे लक्षात ठेवून यंत्राचे नाव ठेवावे. आम्ही एका झाडाचे ठेवले आहे.

काकूंच्या लॅपटॉपवर विंडोजचा ‘आभासी फाइली’ हा पर्याय लावला होता, ज्यात सगळी नावे दिसतात पण फाइल उघडेपर्यंत उतरत नाही. दुसऱ्याच आठवड्यात एसटीतून त्यांचा फोन आला. “अगं, फाइल समोर दिसते आहे, नाव बरोबर आहे, पण उघडायला गेलं की नुसतं गोल फिरतंय.” घाटात रेंज नव्हती आणि नावाशेजारी ढगाचे चिन्ह होते. आता त्यांचे ‘मुद्रिते’ हे फोल्डर कायम लॅपटॉपवर ठेवण्याची खूण केलेली आहे, बाकीचा साठा ढगाच्या चिन्हासह राहतो. आयपॅडवर पीडीएफवर खुणा केल्यानंतर मी नेक्स्टक्लाउडचे ॲप उघडून फाइल वर गेली का ते पाहते, कारण पडद्याआड काम करू देण्याबाबत ॲपलची यंत्रणा कंजूष आहे. फोनवर फोटो आपोआप वर जाणे ठीक चालते. २०२५ मध्ये अँड्रॉइडवरील नेक्स्टक्लाउडला सर्व प्रकारच्या फाइली वाचण्याची परवानगी गूगलने नाकारल्याचा वाद जाहीर झाला होता आणि नंतर ती परत मिळाली. सिंकथिंगची कहाणी त्याला जोडून पाहिली, तर या साखळीत फोनच सर्वांत कमी आपल्या हातात असतो, असे म्हणावे लागते.

यंत्राबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दोन मोठ्या डिस्क मावतील असा वापरलेला संगणक, १६ जीबी मेमरी, प्रणाली आणि डेटाबेससाठी छोटी एसएसडी, आणि ४ टीबीच्या दोन डिस्क. डिस्क घेताना ती सीएमआर (पट्टे एकमेकांवर न चढवता लिहिण्याच्या) पद्धतीची आहे का, हे विचारावे. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ मालिकेतील काही डिस्क एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिण्याच्या, म्हणून मंद) पद्धतीच्या निघाल्याने बराच गदारोळ झाला होता. दोन्ही डिस्कांवर बीटीआरएफएस या फाइल-पद्धतीने एकच मजकूर ठेवला आहे, कारण ती लिनक्सच्या गाभ्यात आहे आणि कोणत्याही लाइव्ह पेन ड्राइव्हने वाचता येते. एक डिस्क काढून घरच्या लॅपटॉपला यूएसबीने जोडून पाहिली. जोडताना ‘डिग्रेडेड’ (एक डिस्क कमी आहे) हा शब्द द्यावा लागतो, तो दिल्यावर सगळी पुस्तके दिसली. यंत्र सरासरी २५ वॅट घेते, म्हणजे वर्षाला सुमारे २२० युनिट. इन्व्हर्टर असूनही वेगळा छोटा यूपीएस लावला, कारण वीज गेल्याचे तो यूएसबीवरून सर्व्हरला कळवतो आणि बॅटरी संपण्याआधी सर्व्हर स्वतःला नीट बंद करतो.

बॅकअप मात्र दोन वेगळ्या प्रकारांनी होतो, आणि त्यामागे विचार आहे. नाशिकला भावाच्या घरी एक डिस्क आहे, तिच्यावर रेस्टिक हे बॅकअपचे साधन रोज रात्री बदल पाठवते. रेस्टिकची प्रत कूटबद्ध आणि तुकड्यांतली असते, म्हणजे जी अट मी सीफाइलला लावली ती इथे मोडते. पासवर्ड हरवला तर ती प्रत मातीमोल. म्हणून दुसरी प्रत आरसिंक या साधनाने, साध्या फाइलींच्या रूपात, एका डिस्कवर होते आणि दर शनिवारी ती घरी जाते. ती चोरीला गेली तर हस्तलिखिते उघडी पडू नयेत म्हणून संपूर्ण डिस्कच कूटबद्ध केलेली आहे. नाशिकची पहिली प्रत नेटवरून पाठवली नाही. सातशे जीबींना ५० एमबीपीएसच्या वेगाने, सगळे सुरळीत चालले तरी, ३१ तास लागले असते, म्हणून ती पुण्यात भरून भाऊ येताना-जाताना घेऊन गेला. दोन्ही पासवर्ड आणि परत उभारणीच्या पायऱ्या कागदावर लिहून कपाटात ठेवल्या आहेत. तो कागद घेऊन माझ्या भागीदाराने, ज्याला लिनक्सचे वारेही नाही, एक फोल्डर परत आणून पाहिले; जिथे तो अडला तिथे कागदात दोन ओळी वाढल्या.

नेक्स्टक्लाउडची मोठी आवृत्ती ओलांडून पुढच्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही, एकेक पायरीच चढावी लागते, आणि जुन्या आवृत्तीला साधारण वर्षभरच सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. आम्ही ही कामे दिवाळीनंतर आणि गुढीपाडव्याच्या आसपास करतो. जून ते ऑक्टोबर या काळात लहान दुरुस्त्यांपलीकडे त्या यंत्राला हात लावायचा नाही, असा नियम आहे.

लेखक आणि प्रकाशक ‘लिंक पाठवा’ म्हणतात, त्यांना मात्र आम्ही हलकी पीडीएफ ईमेलनेच पाठवतो. लिंक द्यायची तर साठ्याचे एक दार तरी बाहेर उघडावे लागेल, आणि ते करण्याइतकी निकड अजून वाटलेली नाही. छापखान्याला छपाईची चारशे एमबीची पीडीएफ लागते. तेवढा एकच सर्व्हर त्यांच्या संगणकाला दिसेल अशी सोय टेलस्केलमध्ये आहे आणि ती करण्याची आमची तयारीही आहे. पण तो संगणक दिवसभरात कोण कोण वापरते हे त्यांनाच नीट सांगता येत नाही, म्हणून तूर्त त्यांच्याकडे पेन ड्राइव्हच जातो.